हात काढ, मी उठते

माझ्या मुलाला मी हात धरून चालायला शिकवलं, आणि त्याचा सूड त्यानं माझी सत्तरी उलटल्यावर उगवला. सोफ्यावरून उठायला मी नुसती पुढे सरकले, तरी त्याचा हात माझ्या काखेत आलाच म्हणून समजा. घरात, लिफ्टमध्ये, गाडीतून उतरताना, सगळीकडे तेच. "आई, थांब, मी धरतो." मी म्हणायचे, "हात काढ, मी उठते." तो हात काढायचा नाही. मग मी उठले की त्यानं मला उठवलं, हे आम्हा दोघांनाही कळायचं नाही.

नाशिकला दिवाळीच्या आधी पडदे धुवायला काढावेत म्हणून मी स्टुलावर चढले होते. उतरले ती खुब्याचं हाड मोडून घेऊनच. मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. मुलगा शारजाहून धावत आला, दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिला, आणि मला काठी घेऊन जरा चालता यायला लागल्यावर विमानात घालून स्वतःच्या घरी, शारजातल्या अल मजाज भागात, घेऊन गेला. तो रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात नोकरी करतो, सून दुबईत एका ऑफिसात आहे, नात शाळेत. सकाळी तिघंही तीन दिशांना पांगायची, आणि पांगण्याआधी माझी अशी काही व्यवस्था लावून ठेवायची की मला दिवसभर बोटसुद्धा हलवावं लागू नये. सून ब्रशवर पेस्ट लावून ठेवायची. चहा थर्मासात, जेवण डब्यात, डबा पलंगाशेजारच्या टेबलावर. नात चपला पायाशी आणून ठेवायची आणि बोट दाखवून म्हणायची, "आज्जी, डोन्ट मूव्ह, ओके?" इतकं प्रेम पदरात पडल्यावर माणसानं तक्रार तरी कोणत्या तोंडानं करायची? मी थर्मासातला चहा प्यायचे आणि खिडकीतून तळ्यातल्या बोटी बघत बसायचे.

पण एक गोष्ट आत खुपत होती. नाशिकचं माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. खालच्या शेजाऱ्यांना ते घर त्यांच्या मुलासाठी हवं होतं. आमच्या चिरंजीवांचं म्हणणं, देऊन टाकू. "आई, तू एकटी राहणार कशी तिथं? परत पडलीस तर? मी इथून पोचेपर्यंत काय होईल, विचार कर." त्याचंही खोटं नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण मला त्या घरात परत जायचं होतं. माझ्या गॅसवर माझ्या हातचा चहा, दारात पडलेला पेपर, आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माझ्या जुन्या मैत्रिणी, ज्या दर आठवड्याला येऊन माझेच लाडू खाऊन माझ्याच लाडवांना नावं ठेवतात. हे सगळं मला हवं होतं आणि ते कुणी थर्मासात भरून शारजाला आणू शकत नव्हतं.

शेवटी आमचं दोघांचं ठरलं. उन्हाळा संपेपर्यंत मी इथं व्यायाम करायचा. मग फिजिओथेरपिस्ट काय म्हणेल ते प्रमाण. तो म्हणाला ही बाई एकटी राहू शकते, तर घर राहील. नाही म्हणाला, तर घर जाईल आणि मी कायमची अल मजाजची. हे बोलताना मुलगा इतका रडवेला झाला की माझ्या घराबद्दल मीच त्याची समजूत घातली.

क्लिनिक आमच्या टॉवरपासून जवळच होतं. फिजिओथेरपिस्ट फिलिपिनो, हसरा, मनगटं पैलवानासारखी. तिथं येणाऱ्या यच्चयावत म्हाताऱ्या बायकांना तो 'मामा' म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणाचा मामा आला म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं. त्यानं आम्हाला समोर बसवलं आणि मला काय काय येतं ते विचारायला घेतलं.

"मामा आंघोळ एकटी करते?"

"नो, नो," मुलगा म्हणाला, "माय वाइफ इज देअर." सून तिथं असायची हे खरं, पण दाराबाहेर, आणि मिनिटामिनिटाला "आई, ठीक ना?" एवढंच विचारायला.

"कुकिंग?"

"वी डोन्ट अलाव हर."

"जिने?"

"लिफ्ट आहे ना."

"जमिनीवर बसून परत उठता येतं?"

"फ्लोअर?" आता सून बोलली. "नो, नो! व्हाय फ्लोअर?" त्यानं तिच्या सासूला विहिरीत उतरवायला सांगितलं असतं तरी तिचा चेहरा याहून वेगळा झाला नसता.

मग तो माझ्याकडे वळला. "मामा, हाउ आर यू मॅनेजिंग?"

इंग्रजी मला येतं. एक्स्चेंजात बसून आयुष्यभर ट्रंक कॉल जोडलेत मी. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव, पण त्या नोकरीनं एक सवय लावली होती की दोन माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. आणि मुलगा चारचौघांत सांगतोय, त्याला तोंडावर खोटं पाडायचं? शिवाय मी ठणठणीत आहे असं आपल्यात कुणी स्वतःच्या तोंडानं म्हणतं का? दृष्ट लागते. म्हणून मी आपल्या रीतीप्रमाणे म्हणाले, "समहाउ गोइंग ऑन." म्हणजे चाललंय आपलं कसंबसं. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि सगळं कंप्युटरवर टाइप केलं. स्क्रीन माझ्याकडे अर्धा वळलेला होता. आंघोळ, स्वयंपाक, जिने, जमीन, सगळ्यांपुढे त्यानं मदत लागते असं लिहिलं होतं.

पलीकडे फक्त पडदा होता आणि पडद्याआड एक इंग्रज आजी होती. आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये लेकीकडे राहायला आलेली. हाड तिचंही खुब्याचंच, आणि चाल माझ्यापेक्षा वाईट. चार पायांचा वॉकर ढकलत यायची. तिला हेच सगळे प्रश्न विचारले गेले. आंघोळ? "परफेक्टली ऑल राइट, थँक यू." जिने? "परफेक्टली ऑल राइट." मोजे घालता येतात? "ऑफ कोर्स." मी पडद्याच्या फटीतून बघितलं. मोजे तिनं घातलेच नव्हते. बिनमोज्यांच्या बुटात पाय कसेबसे कोंबले होते आणि टाचा मागून बाहेर आल्या होत्या. पण लेक बिचारी दोन हात लांब उभी होती आणि आईला हात लावायची तिची टाप नव्हती. म्हाताऱ्या बाईला कुठंही मदत लागत नाही, अशी तिची नोंद झाली.

तिसरी एक अरब आजी होती, इथलीच. कपाळ आणि नाक झाकणारा, सोनेरी झाक असलेला जुन्या वळणाचा मुखवटा, मेंदीनं लाल झालेली बोटं, गुडघे पार कामातून गेलेले. बरोबर दोन मुली आणि एक कामवाली. तिला काहीही विचारलं की ती एकच उत्तर द्यायची, "अल्हम्दुलिल्ला." चालता येतं? अल्हम्दुलिल्ला. दुखतं? अल्हम्दुलिल्ला. देवाच्या दयेनं ठीक आहे म्हणते की देवानं दिलंय ते सोसते म्हणते, हे त्या बिचाऱ्या थेरपिस्टला शेवटपर्यंत उमजलं नाही. त्यानं काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण बराच वेळ त्याची बोटं कीबोर्डवर नुसतीच थांबली होती.

घरी येताना गाडीत मी हाच विचार करत होते. आम्हा तिघींची शरीरं बघितली तर उन्नीस-बीस. पण आम्ही कोणत्या घरात जन्मलो, कातडीचा रंग कोणता, दुखणं सांगायची रीत कोणती, यावरून एक अपंग ठरली, एक धडधाकट ठरली आणि एक देवाच्या हवाली झाली. आणि आम्ही तिघी निदान त्या खोलीत तरी पोचलो. समोरच्या टॉवरच्या काचा दोरखंडाला लोंबकळत पुसणारी माणसं म्हातारी होतील ती इथं होणारच नाहीत. ती दुसऱ्याच कुठल्या गावात, दुसऱ्याच कुठल्या ओट्यावर गुडघे धरून बसतील आणि त्यांना जिना चढता येतो का हे विचारायला कोणी कंप्युटर घेऊन जाणार नाही. मी हे मुलाला म्हणाले तर तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, तू जास्त विचार करू नकोस, बीपी वाढेल." म्हणजे विचारसुद्धा मी एकटीनं करायचा नाही.

अरब आजीशी माझी दोस्ती पुढच्या आठवड्यात झाली. गरम पट्ट्या बांधून आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. इथल्या जुन्या माणसांना हिंदी येतं हे मला ठाऊक नव्हतं. "तुम किधर से?" तिनं विचारलं. मी नाशिक म्हटलं, तिला कळलं नाही. मुंबईजवळ म्हटलं, तेव्हा तिचे डोळे मुखवट्यामागे हसले. तिचा बाप होडी घेऊन मुंबईला खजूर विकायला जायचा म्हणे. मग तिनं तिचं दुःख सांगितलं. तिची मुलं गुणी. त्यांनी तिला नमाजासाठी खास खुर्ची आणली होती, गुबगुबीत गादीची. खुर्चीवर बसून केलेली प्रार्थना देवाला चालते, असं मौलवींनीही सांगितलं होतं. "अल्ला को चलता है," ती म्हणाली, "मेरे को नहीं चलता. माथा नीचे जमीन पे नहीं लगा तो दिल नहीं भरता. बच्चा लोग छोडता नहीं. बोलता है, अम्मा गिरेगा."

मी म्हटलं, "मेरा भी बच्चा लोग छोडता नहीं."

त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची कामवाली धावत आली. तिला वाटलं काहीतरी झालं.

मग एक दिवस असा उगवला की मुलगा कारखान्यात अडकला होता आणि सून मला सोडून गाडी लावायला गेली ती जागाच मिळेना म्हणून चकरा मारत राहिली. मी थेरपिस्टसमोर एकटी. मनाचा हिय्या करून मी त्याला म्हटलं, "मागे तुम्ही जे विचारलंत ते आता मला विचारा. माझ्या मुलाला नको." त्याच्या भुवया वर गेल्या. त्यानं परत विचारलं. आणि मी सरळ त्या इंग्रज आजीचं उत्तर उसनं घेतलं. आंघोळ? परफेक्टली ऑल राइट. जिने? परफेक्टली ऑल राइट. जमिनीवरून उठणं? परफेक्टली ऑल राइट!

"व्हेरी गुड, मामा," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातला एक ठेंगणा स्टूल पुढे सरकवला. "शो मी."

मी ऐटीत बसले. उठायला गेले तर बूड हलेना. मांड्या थरथरायला लागल्या, हात हवेत काहीतरी शोधायला लागले, आणि ते काय शोधत होते हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचाच संताप आला. माझे हात मुलाचा दंड शोधत होते. इतके महिने आयतं उठवून घेऊन माझे पाय उठणं विसरले होते. मुलगा सांगत होता तितकी मी लुळी नव्हते आणि मी सांगत होते तितकी धडही नव्हते. मी तशीच त्या स्टुलावर बसून राहिले आणि रडले.

त्यानं मला रडू दिलं, टिश्यूचा खोका दिला. मग म्हणाला, "एकटं राहायचं असेल तर जमिनीवरून उठता आलंच पाहिजे, मामा. माणूस पडतो. पडल्यावर उठता आलं तर ते नुसतं पडणं, नाहीतर ते संकट. तुमचं हाड आता जुळलंय, मी शिकवतो. पण घरी सराव करावा लागेल."

सूनबाई गाडी लावून आली तेव्हा तिला माझे लाल डोळे दिसले. तिला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती नवऱ्याला सांगेल आणि गोंधळ होईल. ती म्हणाली, "आई, तुम्हाला काही झालं तर लोक म्हणतील सुनेनं लक्ष दिलं नाही. म्हणून मी..." मी तिचा हात हातात घेतला. इतके महिने ती माझ्या ब्रशवर पेस्ट लावत होती ती या धास्तीनं, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून पेस्ट मी लावायला लागले, आणि दुपारी ती लवकर आली की हॉलमध्ये सतरंजी अंथरून आमचा चोरटा वर्ग भरायचा. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार, मग रांगत सोफ्यापर्यंत, मग एक पाऊल पुढे रोवून वर. सून दोन्ही हात स्वतःच्या पाठीमागे घट्ट बांधून उभी राहायची. तिला माझ्यापेक्षा जास्त घाम यायचा.

नातीनं एकदा आम्हाला पकडलं. मी सतरंजीवर रांगत होते. "आज्जी, व्हॉट आर यू डुइंग!" तिनं दप्तर टाकलं आणि ती माझ्या शेजारी रांगायलाच लागली. बाबांना सांगायचं नाही, अशी तिला तंबी दिली. तिनं गुप्तता पाळली, फक्त रात्री जेवताना बाबाकडे बघून उगाच फिदीफिदी हसायची.

सोफा धरून उठणं जमलं, पण काहीही न धरता उठणं जमेना. तिथं येऊन गाडी अडली ती अडलीच. अशात अरब आजीनं मला घरी बोलावलं. सून बरोबर आली. मोठं घर, मोठी बैठक, भिंतीला लागून खाली गाद्या आणि लोड. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. खुर्ची आणायला एक मुलगी धावलीसुद्धा, पण मी म्हटलं, नको, आणि सुनेच्या खांद्याला धरून सावकाश खाली टेकले. किती महिन्यांनी मी जमिनीवर बसले होते! तळहाताखाली गालिचा लागला आणि मला खरंच घरी आल्यासारखं वाटलं. खजूर झाले, वेलदोड्याची कडू कॉफी झाली. पेला हलवून दाखवल्याशिवाय 'पुरे' झालं हे त्यांना कळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून त्या ओतत गेल्या आणि मी ती पाणी प्यावं तशी प्यायले.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली. मुलीनं ती गुबगुबीत खुर्ची आणून ठेवली. आजीनं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आज खलास," ती म्हणाली, आणि खुर्ची हातानं बाजूला सारली. दोन्ही मुली पुढे झाल्या. तिनं अरबीत एकच शब्द असा काही टाकला की दोघी जागच्या जागी थबकल्या. मग ती उभी राहिली, वाकली, गुडघे टेकवताना तिच्या तोंडून एक कण्हणं निघालं, आणि तिनं कपाळ जमिनीला लावलं. माझा देव वेगळा, पण मीही मनातल्या मनात त्याला म्हटलं, हिला उठव रे बाबा. तिनं एक पाऊल पुढे घेतलं, हात मांडीवर रोवला आणि हळूहळू, थरथरत, ती उभी राहिली. मग पुन्हा खाली गेली, पुन्हा उठली. शेवटी बसल्या जागी मान वळवून तिनं प्रार्थना संपवली, तेव्हा तिची थोरली लेक तोंडावर ओढणी धरून रडत होती.

"अब तुम," आजी मला म्हणाली.

सून अभावितपणे पुढे आली. आजीनं तिला हातानं अडवलं. "छोडो. तुम्हारा सास है, काच का ग्लास नहीं."

मी तिचं बघितलं होतं तसंच केलं. रांगत सोफा शोधायचा नाही, हात स्वतःच्याच मांडीवर रोवायचा. पहिल्या खेपेला मी मागे बसले. दुसऱ्या खेपेला उठले. काही न धरता, कुणी न धरता. आजीनं मेंदीच्या बोटांनी टाळ्या वाजवल्या, आणि सुनेनं मला अशी मिठी मारली की मी परत पडता पडता वाचले.

उन्हाळा सरला आणि शेवटच्या तपासणीचा दिवस आला. आता मुलगा बरोबर होता. थेरपिस्टनं विचारलं, "आंघोळ एकटी?" मुलानं सवयीनं तोंड उघडलं. सुनेनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, त्यांना विचारलंय." तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत असं कुतूहल होतं की जणू हे उत्तर त्यालाही पहिल्यांदाच कळणार होतं. मी जे होतं ते सांगितलं. आंघोळ येते. स्वयंपाक येतो. जिने येतात, पण मध्ये एकदा थांबावं लागतं. आणि जमिनीवरून उठता येतं.

"आई, काहीही काय!" तो म्हणाला.

मी चटईवर बसले. तो उठून उभा राहिला आणि त्याचे हात पुढे आले. "हात काढ," मी म्हटलं, "मी उठते." त्यानं हात मागे घेतले आणि मी उठले. त्याला आनंद झाला हे मला दिसलं, आणि काहीतरी त्याच्या हातून निसटलं हेही दिसलं. गाडीत बसल्यावर त्यानं नाशिकच्या शेजाऱ्यांना फोन लावला आणि आईचं घर द्यायचं नाही म्हणून सांगितलं.

निघायच्या दिवशी विमानतळावर पोचले तर माझ्यासाठी चाकाची खुर्ची हजर. त्यानं तिकिटाबरोबरच सांगून ठेवलेली. माझं डोकं फिरलं. आणि समोर पाहिलं तर खुर्च्यांची रांगच लागली होती आणि रांगेत झाडून सगळ्या आपल्याकडच्याच आया-मावश्या, नऊवारीपासून पंजाबी ड्रेसपर्यंत, पायांत नवे कोरे बूट आणि मांडीवर पर्स. त्यातल्या निम्म्या माझ्यापेक्षा तरतरीत होत्या. गोरी म्हातारी एकही नव्हती त्यात. एक दिसली ती काठी टेकत, धापा टाकत, पण चालत जात होती. "हे काय?" मी मुलाला म्हटलं. "एवढं सगळं करून शेवटी खुर्ची?"

"आई, माहितीये मला तू चालू शकतेस," तो म्हणाला. "पण या दाराच्या पुढे मला येऊ देत नाहीत ग."

मग मी त्या रांगेकडे नीट बघितलं. प्रत्येक खुर्चीमागे ढकलणारा एक हात होता, आणि कठड्याच्या अलीकडे एकेकीचा मुलगा नाहीतर मुलगी टाचा उंचावून तो हात कुठवर दिसतो ते बघत होती. मी मुकाट्यानं बसले. नातीनं मान वाकवून माझा पापा घेतला. वळण येईपर्यंत मी हात हलवत राहिले. वळण गेल्यावर ढकलणाऱ्याला म्हटलं, "भैया, रुको." माझी बॅग खुर्चीत ठेवली आणि तिच्या शेजारून विमानापर्यंत चालत गेले. तो बिचारा सारखा म्हणत होता, "माताजी, मेरी नौकरी जाएगी."

नाशिकला भाच्यानं सामान वर पोचवलं आणि तो गेला. जिन्यात मी मध्ये एकदा थांबले. कुलूप उघडलं, माझ्या गॅसवर माझा चहा केला, आणि कप घेऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसले. चहा संपल्यावर हात मांडीवर रोवला आणि उठले. कुणी "आई, थांब" म्हणालं नाही. दाराबाहेरून कुणी "ठीक ना?" विचारलं नाही. मी रिकामा कप घेऊन तशीच उभी राहिले. ज्यासाठी मी एवढी झगडले होते ते हेच होतं, आणि तरी मला तिघांची इतकी आठवण आली की कप ओट्यावर ठेवावासा वाटेना.

रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिघं सोफ्यावर दाटीवाटीनं बसलेली. सून म्हणाली, "आई, दाखवा ना यांना परत एकदा, यांना अजून स्वप्न वाटतंय." मी फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर जमिनीवर बसले. नात शाळेत शिकलेल्या अरबीत ओरडली, "यल्ला, आज्जी!" म्हणजे चल, ऊठ. मी एक पाऊल पुढे घेतलं, हात मांडीवर रोवला. उठताना सहज माझी नजर फोनकडे गेली. माझा मुलगा सोफ्यावरून अर्धा उठला होता आणि त्याचा हात पुढे आला होता, काखेत घालायला वळवलेला, थेट फोनच्या काचेपर्यंत.

या वेळी मी त्याला हात काढ म्हणाले नाही.